वाकड्याची खबर

शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वाकड्या बुडाला.

डहाणूच्या बाजारामागच्या मैदानात होमीशेठ इराण्याचा सिनेमाचा तंबू होता. पडद्यावर जहाज फुटलं, वाकड्याचा हात एकदा पाण्याबाहेर आला आणि दिसेनासा झाला. पडद्याच्या डाव्या अंगाला पत्र्याचा भोंगा घेऊन उभ्या असलेल्या सदानंदनं सांगितलं, "बुडाला. संपला बिचारा."

तंबूत नुसती मशीनची टकटक ऐकू येत राहिली. मग बायकांच्या बाजूला जमुना उठली, तिनं पदर सारखा केला आणि कनात वर करून ती बाहेर गेली.

जमुना सदानंदची भावजय, धाकट्या भावाची, भिकूची बायको. चौसष्ट सालचा जानेवारी होता. एकावन्नच्या कार्तिकात भिकूची होडी वादळात सापडली, त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. होडीत तिघे होते. दोघांचे देह किनाऱ्याला लागले, त्यांना अग्नी दिला गेला. भिकूचं फक्त वल्हं वाढवणच्या खडकात अडकलेलं मिळालं. त्या होडीत मुळात जागा सदानंदची. पण लाटेवर गेलं की त्याच्या पोटात काही ठरत नसे. मच्छीमाराच्या घरात अशा माणसाचं काय करायचं, म्हणून बापानं त्याला मुंबईच्या गोदीत धाडलं आणि होडीत भिकूला घेतलं.

गोदीतून सदानंद परत आला तो तोडकंमोडकं इंग्रजी घेऊन. होमीशेठला असाच माणूस हवा होता. शनिवारी तंबूत इंग्रजी पिक्चर लागे, कारण त्याच्या घासलेल्या रिळी स्वस्तात मिळत. घोडे, बंदुका, मारामाऱ्या लोकांना बघूनच कळत. बाकीचं सदानंद भोंग्यातून सांगे. त्याला अर्धं कळे, उरलेलं तो रचत असे.

वाकड्या हा अमेरिकेतला कुणी नट. त्याचं खरं नाव तंबूत कुणाला ठाऊक नव्हतं. जाहिरातीच्या कागदावर ते येतच नसे. जबडा एका बाजूला झुकलेला, म्हणून वाकड्या. नायकाचं काम त्याला कधी मिळालं नाही. कधी तो फौजदार असे, कधी घोडेचोर, कधी दारुडा डॉक्टर. पाद्री, तारमास्तर, जेलर, पोरीचं लग्न मोडणारा बाप, असं काय वाटेल ते. बहुतेक वेळा मध्यंतराच्या आतच मरायचा.

पहिल्यांदा तो मेला तेव्हा गोळी लागून पुलावरून नदीत पडला होता. सदानंद सांगायला तोंड उघडणार, तोच पडद्याच्या उजेडात त्याला समोर जमुनाचं तोंड दिसलं. होडी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यानं भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाला, "गोळी खांद्याला लागली. पोहत पोहत पलीकडं गेला."

पुढं दोनतीन शनिवारांनी तोच वाकडा जबडा डॉक्टरची पेटी घेऊन पडद्यावर आला आणि तंबूनं शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून हा खेळच झाला. घोड्याखाली आला, की सदानंद म्हणायचा, नुसता पाय मोडला. फासावर चढवला, तर दोर कुजका निघाला. पुढच्या पिक्चरात वाकड्या पाद्री असला, तर फासावरून उतरल्यावर त्याला उपरती झालेली असे. होळीनंतर तंबू तलासरीला जाई. तिथं झरी गावचा लडक्या वारली पुढं बसून ओरडायचा, "एवढे धंदे करतो, याच्या शेतात नांगर कोण धरतो?"

"बायको धरते!" सदानंद भोंग्यातून सांगे. सगळा तंबू हसायचा. असल्या उत्तरांना डहाणूत बायकांच्या बाजूला जमुनाही हसायची.

त्या शनिवारी सकाळी मात्र आईनं, सोनूबाईनं, सदानंदला ओट्यावर बसवून घेतलं होतं. ज्याचा देह सापडत नाही त्याच्या बायकोनं बारा वर्षं चुडा ठेवायचा. मग दर्भाचा माणूस करून त्याला किनाऱ्यावर अग्नी द्यायचा आणि चुडा उतरवायचा. बाकीची भावकी कार्तिकातच तयार होती. जमुना तयार नव्हती.

"सदू, माझ्या डोळ्यांदेखत पोराची वाट मोकळी कर," सोनूबाई म्हणाली. "ती तुझं ऐकंल. तूच नादी लावलंस तिला."

"मी काय केलं, आय?"

"दर शनवारी मेलेला उठतो तुझ्या तंबूत. मग ती कशाला चुडा उतरवील?"

त्या रात्री पिक्चर सुटल्यावर होमीशेठनं सदानंदला दाराशीच धरलं. "सदू, तू वाकड्याला मारला कशाला?"

"पडद्यावर मेला, शेठ."

"अरे, पडद्यावर तो दर वेळी मरते! पब्लिक काय पडदा बघायला येते? तुझा ऐकायला येते."

सदानंद खाडीच्या वाटेनं निघाला. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडवाखाली जमुना बसली होती. तो थोडं अंतर ठेवून उभा राहिला.

"मारलात त्याला," ती म्हणाली.

"बुडाला तो, जमुना. सगळ्यांनी बघितलं."

"फासावर चढला तेबी सगळ्यांनी बघितलं होतं. आजवर कधी पडद्याचं ऐकलंत, भाऊजी? मग आजच का?"

"ती सोंगं असतात गं. तो नट हाय. मरत बी नाय, उठत बी नाय. तुला वाटायला लागलं, की..."

"मला काय वाटायला लागलं?" ती हसली, पण ते हसणं तंबूतलं नव्हतं. "बाजारात मासळी विकते मी, येडी नाय. सोंग हाय ते मला पहिल्या दिवसापासून ठावं. घरात आय म्हणते गेला, बाजारात म्हणतात गेला, गुरव म्हणतो गेला. आठवड्यातून एकदा एक माणूस भोंगा लावून चार लोकांत म्हणायचा, पोहत पलीकडं गेला. तेवढं ऐकायला यायची मी."

ओहोटी लागली होती. चिखलात कलंडलेल्या होड्यांकडे ती बघत राहिली.

"आता तुमीबी म्हणालात. अमावास्येला करा काय ते."

अमावास्येला केलं. गुरवानं दर्भाचा माणूस बांधला, सोनूबाईनं त्याच्या अंगावर भिकूचा सदरा घातला. वल्हंही सरणावर ठेवायचं होतं. जमुना म्हणाली, "ते राहू द्या." कुणी आग्रह केला नाही. बांगड्या तिनं फोडू दिल्या नाहीत. स्वतःच एकेक काढून सोनूबाईच्या ओंजळीत ठेवल्या. सोनूबाईच त्या हातात धरून मोठ्यानं रडली. अग्नी सदानंदनं दिला.

नंतरच्या शनिवारी जमुना तंबूत आली नाही. वाकड्याही आला नाही. फौजदार दुसरा होता, डॉक्टर दुसरा होता. लोक विचारू लागले. सदानंदनं होमीशेठच्या मागं लकडा लावला, तेव्हा रिळी आणायला मुंबईला गेलेला शेठ खबर घेऊन आला.

"तो आता पिक्चरमध्ये काम करत नाही. टेलिव्हिजनमध्ये करते."

"ते काय असतं?"

होमीशेठनंही ते पाहिलं नव्हतं. "रेडिओसारखी पेटी, तिला काच. अमेरिकेत घरोघर असते. तुझा वाकड्या एक आठवडा पोलिस, दुसरा आठवडा डॉक्टर, तिसरा आठवडा चोर. आपल्याकडे ते येणार नाही."

"पण जिवंत हाय ना?"

"रिळींच्या ऑफिसमधला माणूस बोलला, गेल्या वर्षी होता. आता काय माहीत?"

होळीनंतर तंबू तलासरीला लागला. शनिवारचा बाजार उठला आणि सुकी मासळी विकायला आलेल्या बायका सकाळच्या गाडीपर्यंत मुक्कामाला राहिल्या. पिक्चर सुरू व्हायच्या वेळी सदानंदनं भोंगा उचलला, तर बायकांच्या बाजूला कडेला जमुना बसलेली. रिकामी टोपली तिनं पायाशी ठेवली होती. पडद्याच्या उजेडात मांडीवरचे तिचे मोकळे हात दिसत होते.

घोडे आले. फौजदार आला. त्याचा जबडा सरळ होता.

"ओ सांगणारे!" लडक्या पुढून ओरडला. "आमचा वाकड्या कुठं हाय?"

सदानंदनं भोंगा तोंडाला लावला. जमुना त्याच्याकडंच बघत होती. पोहत पलीकडं गेला, हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले.

"लांब हाय," तो म्हणाला. "तिकडं एका पेटीत काम करतो. इथनं दिसत नाय."

"म्हंजे जिता हाय का मेला?"

"गेल्या साली होता. एवढीच खबर हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. पडद्यावर गोळ्या सुटू लागल्या, आणि कोण कुणाला मारतंय हे सांगायला सदानंद पडद्याकडे वळला.

मध्यंतरात पेट्रोमॅक्स पेटल्यावर त्यानं पाहिलं. जमुना उठली नव्हती.