पुढचं पुढे पाहू

शेखर गेला, पण जाता जाता प्रोग्रामात एक ओळ अशी लिहून गेला का माह्या डोक्स्याचा भुगा झाला.

मी वर्षाली. अमरावतीत राजापेठेत माहे कंप्युटरचे क्लास हायेत. शेखर अन् मी, दोघांनी मिळून मोबाइलवरचा मेसेज वऱ्हाडीत वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता. त्यानं तो आपल्या मायसाठी, आशाबाईसाठी सुरू केला, कारण त्यायले वाचता येत नाई. पण प्रोग्रामाचा आवाज असा, का कोणी डब्यात तोंड घालून बोलून राहिलं. अकोल्याच्या नितेशनं चांगला आवाज बनवला, अन् तो फुकट द्याले तयार झाला. अडलं ते परवान्यावर.

दोघायचाबी परवाना जीपीएल. म्हणजे घ्या, बदला, पण पुढच्याले बी तसंच द्या. आमची आवृत्ती दुसरी, नितेशची तिसरी. नितेश फोनवर म्हणे, तुमच्या फाइलीत 'दुसरी किंवा पुढची कोणतीही' असं असन तर दोन्ही जोडून वाटता येते. नुसती 'दुसरीच' असन तर नाई येत. मी फाइल उघडली. शेखरनं लिहिलं होतं, 'जीपीएल, आवृत्ती दुसरी. पुढचं पुढे पाहू.'

आता बाप्पा! हे हो होये का नाई? नितेश म्हणे परवानगी हाये. दहा मिनिटानं त्याचाच फोन, का नाई म्हणून. दोन शब्द जास्त लिहिले असते तर शेखरचे बोटं झिजले असते का? असा राग आला मले त्याचा. तो वारल्यावर त्याचा हक्क आता त्याच्या मायकडे. तिनं नाई म्हणलं तर त्याचं काम तसंच पडून राहीन.

बाळापूरच्या मळ्यात आशाबाई झेंडू तोडून राहिल्या होत्या. मी बांधावर बसून परवान्याचा दुसरा कागद, तिसरा कागद, अन् 'पुढची कोणतीही' लिहाले त्यायचा अंगठा लागते, सगळं सांगतलं. त्यायनं इचारलं, चौथा निघाला तर त्यात काय राहीन? मी म्हणलं, ते कोणालेच ठाव नाई.

"मंग तू कोऱ्या कागदावर अंगठा मांगून राहिली, पोरी."

बाई खरंच बोलल्या होत्या. शेवटी मी इचारलं, 'पुढचं पुढे पाहू' म्हणे तवा शेखरच्या मनात काय राहे? त्या म्हणल्या, लग्नाचं काढलं का हेच म्हणे, तवा ते नाई होतं. अमरावतीले जातू का इचारलं तवाबी हेच म्हणे, अन् ब्याग भरून तयार. मले तर कायीच समजेना.

मंग त्यायनं मोबाइल पुढे केला. शेखरचा शेवटचा मेसेज त्यात होता. जुन्या आवाजात त्यायले त्यातलं अक्षर समजलं नव्हतं, अन् दुसऱ्या कोणाले वाचाले द्यावं वाटलं नव्हतं. घरच्या घरी दोन्ही जोडाले मनाई नसते, म्हणून माह्या फोनमंधी नितेशचा आवाज जोडलेला होता. मेसेज तिकडे घेतला अन् लावला.

"माय, रविवारी येतो. तुह्या फोनचा आवाज सुधराचा बाकी हाये."

तो शुक्रवारीच गेला होता. आशाबाईनं फुलायची टोपली खाली ठेवली, अन् पुन्हा लावाले सांगतलं. मी तीनदा लावला. रडू मलेच आवरेना.

मंग त्यायनं पदराले हात पुसला.

"बाकी हाये म्हणते ना तो. कुठी लावू अंगठा?"

"काकू, कागद कोराच हाये."

"असू दे. पुढचं पुढे पाहू."