सातव्या ठोक्याचं घोडं

बेगम पेठेत रहिमतुल्ला ताशेवाल्याला कोण वळखत न्हवतं? लोक म्हणायचे, नवरदेवाचं घोडं ह्याच्या ताशावर चालतंय. खरं उलटंच हुतं. घोड्याचा पाय बघून ह्यो वाजवायचा. सहा ठोके सरळ सोडायचा, सातव्याला हात वरच धरायचा, घोड्यानं पाय टाकला की मग काडी खाली. तेवढ्या एका दमात वरातीतल्या गुडघं धरून बसलेल्या म्हाताऱ्याबी नाचाय उठायच्या. मग डीजे आले. घोडं गेलं, ताशाबी खुंटीला गेला.

त्याची लेक इफ्रा. घरात बसून शाळंचे युनिफॉर्म शिवायची, आन हात मोकळा झाला की फोनवर एक खेळ खेळायची. गाणं लागतंय, वरनं ठिपके गळत्यात, ठिपका रेघंवर आला की नेमकं बोट मारायचं. चुकलं की लाल. कुटला ठिपका कवा पडायचा हे कुणीतरी बसून मांडलेलं असतंय, त्याला चार्ट म्हणत्यात. इफ्राला वाटलं, आपुनबी मांडावा. आन असा मांडावा, की भल्याभल्यांनी बोटं चावावीत.

पहिला मांडला आन नईमला दिला. नईम तिचा चुलतभाऊ, मोबाईलच्या दुकानात कामाला, ह्या खेळातला किडा.

"आगं, तुरीची पाटी उपडी केलीस का काय? ठिपकेच ठिपके!"

"अवघड हाय का न्हाय पण?"

"अवघड न्हवं, वैताग हाय. आपुन कशापायी मार खातोय हे बोटाला कळाय पायजे की."

 इफ्राची नजर खुंटीवरच्या ताशाकडं गेली.

"अब्बा, येकदा वाजवा की. फोनात धरून ठेवते. तुमचा हात मिटायचा न्हाय."

"कुनासाठी गं? घोडं कुटाय?"

"हाय समजा की."

रहिमतुल्लानं कातडं ताणावं म्हणून ताशा जाळावर शेकला, डोळं मिटलं आन वाजवला. सातव्याला थांबला. समोर भिंत, पण गडी घोड्याची वाट बघतोय!

पंधरा दिवस इफ्रानं कानाला फोन लावून एकेक ठोका मांडला. सातवा जितं पडला, तितंच ठिवला. आता खेळाचा नेम असा, की चार्ट धाडायच्या आधी मांडणाऱ्याकडच्या एकानं तरी त्यो न चुकता खेळून दाखवायचा. इफ्रा सातव्याला पडली. नईमबी पडला. अब्बानं फोन पाटावर ठिवला, दोन बोटं काड्यागत धरली, आन शेवटापतोर एक लाल येऊ दिलं न्हाय.

"ह्यात काय अवघड हाय रं नईम?"

नईमनं कानाला हात लावला, आन इफ्रानं चार्ट खेळवाल्यांकडं धाडला.

पुढच्या आठवड्यात रहिमतुल्लानं ताशा विकला. मंगल कार्यालयवाल्यानं घेतला, शोभेला. पलास्टिकच्या फुलांत भिंतीवर टांगला.

"आवं अब्बा, इकला?"

"फोनात हाय की आता. घरात ठिवून काय लोणचं घालायचंय?"

आन दोन दिसांनी चार्ट माघारी आला. तपासणारा कुटला कोण जाणं. त्यानं लिवलं हुतं: ठोके एकसारखे नाहीत, नवशिक्याची चूक. चौकटीत बसवा, मग खेळाच्या यादीत घेऊ.

"नवशिकी म्हणं!" इफ्रा चिडली.

"चिडू नगंस," नईम म्हणला. "येक बटन हाय. दाबलं की आवाज, ठिपके, समदं रांगंत."

"आन सातवा?"

"सातवाबी की. अब्बाचं नाव यादीत पायजे का न्हाय तुला?"

पायजे हुतं. चार्टखाली 'ताशा: रहिमतुल्ला' असं तिनं पहिल्याच दिवशी लिवून ठिवलं हुतं. तिनं बटन दाबलं. फोनात जागा न्हवती, म्हणून नईमनं जुनं पुसून त्याच्यावरच नवं ठिवलं.

तीन दिसांत यादीत आला. शेकड्यानं लोक खेळले. कुणीतरी लिवलं, "काय सफाई, निव्वळ मशीन!" इफ्रानं अब्बाला नाव दावलं. त्यानं दोनदा बोट फिरवून वाचलं. आन पाट वढला.

"लाव."

सहा ठोके बरोब्बर. सातव्याला बोट वर राहिलं. ठिपका खालनं निघून गेला. लाल.

"परत लाव."

लाल. परत लाल. चौथ्या खेपंला त्यानं बोट लावलंच न्हाय. फोन उचलून कानाला धरला आन आख्खं ऐकलं.

"घोडं लवकर पाय टाकाय लागलं का गं?"

इफ्राच्या व्हटावर आलं हुतं सांगायचं. पण सांगून करायचं काय? जुनं पुसलेलं, ताशा फुलांत टांगलेला.

"न्हाय अब्बा, तसंच हाय," ती म्हणली. "तुमची बोटं म्हातारी झाली."

रहिमतुल्लानं दोन्ही हात उलटंसुलटं करून बघितलं.

"व्हय की," त्यो म्हणला. "बरं झालं, येळंवर इकला."