सहाव्या माळेची देवी

सोजराआक्कांनी पायावर डोकं ठेवलं तेव्हा नकुशीला पाय मागे घ्यायचे होते, पण पाय तिचं ऐकत नव्हते. हातही ऐकत नव्हते. समोर कोण वाकलंय हेही तिला धड कळत नव्हतं.

नवरात्राची सहावी माळ. न्हावऱ्यात देवीच्या देवळात आरती संपली होती, हलगी अजून कडकडत होती. आपल्याच रानातल्या झेंडूची माळ देऊन नकुशी नेहमीसारखी मागच्या खांबाला टेकली होती, ती थरथरत खाली बसली. अंग घामाने भिजलेलं, नजर भलतीकडेच लागलेली, जीभ जड. कुणीतरी म्हणालं, आई आली. मग काय, बायकांनी घेरलंच. केस सोडले, कपाळ कुंकवानं माखलं, ओटी भरली. आई, तुला काय पायजे, असं शेजारच्या रानातल्या धुरपदाने हात जोडून विचारलं.

नकुशी कशीबशी बोलली, "भाकरी नको."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नैवेद्यात भाकरी कुणी ठेवली याची तिथल्या तिथे चौकशी बसली. तेवढ्यात आक्कांनी पंचामृताची वाटी तिच्या तोंडाला लावली. नकुशीने ती घटाघटा रिकामी केली, दुसरीही केली. थोड्या वेळाने थरथर कमी झाली, डोळे जागेवर आले. देवी शांत झाली, म्हणून हलगीवाल्यानेही हलगी खाली ठेवली.

सोजराआक्का म्हणजे गावातलं मोठं घर. कॅनॉलखालचा ऊस, दारात गाडी, मुलगा सत्यजीत सोसायटीचा चेअरमन. त्यांच्या पाया गाव पडतं. नकुशी त्यांच्याकडे हार पोचवायची ती ओसरीच्या खालूनच. वर ये असं कुणी कधी म्हटलं नाही आणि हीही कधी चढली नाही.

नकुशी ही चौथी मुलगी. बापाने बारशालाच पोरीला सांगून टाकलं की तू आम्हाला नको होतीस, आणि गाव पन्नास वर्षं तिला तेच ऐकवत आलं. नके, हार दे. नके, बाजूला हो. एवढ्या मोठ्या गावात एकालाही ही हाक मारताना कसंनुसं झालं नाही.

त्या दिवशी देवळातून घरी येताना मात्र लोक रस्ता सोडून उभे राहिले.

घरी सून करिश्मा बातमी ऐकून साखर तपासायचं मशीन घेऊनच बसली होती. बोटाला टोचलं, आकडा आला अठ्ठावन्न. करिश्माने आकडा पुन्हा बघितला आणि दौंडच्या डॉक्टरांना फोन लावला.

गोष्ट अशी होती. उन्हाळ्यात नकुशीच्या पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा दौंडला दाखवलं, तर साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भाकरी, भात, बटाटा, गुळाचा चहा यावर हात आखडायला सांगितला. नकुशी जिद्दीची. तिने आखडला नाही, सोडूनच दिला. मेथी, घेवडा, अंडी, शेंगदाणे, ताक. शेळीवानी पाला खातीया, असं नवरा खंडू गावभर सांगत हिंडला. पण साखर निम्म्यावर आली आणि जखम भरली.

मग नवरात्र बसलं. आता आपल्याकडचा उपास म्हणजे काय, हे एकदा तोंडावर सांगायला हवं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर, वर बटाट्याची भाजी, संध्याकाळी रताळी, मधे राजगिऱ्याचा लाडू आणि गोड चहा. नऊ दिवस पोटात नुसता पिठूळपणा आणि साखर ओतायची, आणि दहाव्या दिवशी सांगायचं की कडक उपास झाला. मधुमेहाच्या माणसाला असा उपास म्हणजे रोजचं लग्नाचं जेवण. नकुशीचेही आजवरचे उपास असेच झाले. यंदा तिने विचार केला की पिठूळ तर आपण सोडलंय. म्हणून खिचडी नाही, भगर नाही, रताळं नाही. बिनसाखरेचा चहा, लिंबूपाणी, मूठभर शेंगदाणे, बस. आणि साखर उतरवणारी ती जेवणाआधीची गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ, न चुकता. जेवणच नव्हतं, तरी जेवणाआधीची गोळी होती.

डॉक्टर फोनवर चढ्या आवाजात बोलत होते. पोटात काही नाही आणि वरून ही गोळी, मग साखर खाली येणार नाही तर काय होणार? घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, सगळं त्याचंच. झोपेत झालं असतं तर बाई उठल्या नसत्या. लगेच साखर घातलेलं दूध द्या, परत तपासा, ती गोळी बंद, तीन दिवसांनी घेऊन या. आणि उपास आहे हे मला आधी का सांगितलं नाही?

करिश्माने तोच प्रश्न सासूला विचारला.

नकुशी म्हणाली, "उपास देवीचा हाय. त्यात डाक्टरचा काय संबंध?"

दूध-साखर उपासाला चालते, म्हणून तिने दूध प्यायलं.

खंडू दाराशी घुटमळत होता. लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्याने बायकोला नके सोडून दुसरी हाक मारली नव्हती. आज तो आत आला, टोपी काढून हातात धरली आणि विचारलं, "तुमी पडताय का जरा? गोधडी टाकू?"

नकुशीने मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं.

सकाळी अंगणात बायका होत्या. नारळ, खण, केळी. बांधावरच्या बाभळीवरून सहा वर्षं न बोललेली धुरपदा सगळ्यात पुढे. कुणाच्या पोराचं लग्न जमत नव्हतं, कुणाची म्हैस आटली होती. नकुशीने कुणाला काही सांगितलं नाही, नुसती मान हलवली. तेवढ्यावर बायका डोळे पुसत गेल्या. करिश्मा आतून दात ओठ खात होती. बायका पांगल्यावर ती म्हणाली, "आत्या, खरं काय ते सांगून टाका त्यास्नी."

"सांगंन की. गडबड काय हाय?"

खरं म्हणजे तिला गोड लागलं होतं. भाकरी सोडली, गूळ सोडला, आणि आता पन्नाशीत हे पानात पडलं होतं. ते उष्टं टाकून उठणारी बाई निराळी, आणि तिचं नाव नकुशी नसतं.

दुपारी आक्कांचा निरोप आला. आठव्या माळेला होम झाला की नकुशीला देवळात पाटावर बसवायचं आहे. उपास मोडू नको, आई रुसेल.

इथे नकुशीची खरी पंचाईत झाली. देवी तिच्या मुठीतच होती, चंदेरी पाकिटात, अजून आठ गोळ्या शिल्लक. उपाशीपोटी एक घेतली की संध्याकाळी आई हजर. अष्टमीला दुपारी तिने गोळी पाकिटातून काढली आणि तळहातावर धरून बसली. कुठल्याही गावात बघा, देवी येते ती उपाशी बाईच्याच अंगात. जेवून ढेकर दिलेल्या गड्याच्या अंगात ती कधी आलेली नाही. हे नकुशीला त्या क्षणी जेवढं स्वच्छ कळलं, तेवढं मोठमोठ्या लोकांना जन्मभर कळत नाही. करिश्मा चुलीपाशी होती, बघत होती. नकुशीने गोळी मोरीत टाकली, आणि तरीही नवं लुगडं नेसून देवळात गेली. पाटावर एकदा तरी बसायचं होतं.

हलगी वाजायला लागली, धूप झाला. नकुशी डोळे मिटून पाटावर बसली. काही आलं नाही. पोटात ताक होतं, हात स्थिर होते. बायका वाट बघत राहिल्या, हलगीवाल्याने जोर वाढवला. शेवटी सोजराआक्का पुढे आल्या, पायाशी बसल्या आणि डोकं टेकवायच्या निमित्ताने तिच्या कानाशी लागल्या.

"आई, मलाबी साखर हाय. घरात कुनाला म्हाईत न्हाई. नऊ दिसाचा निरंकार उपास हाय, आन् गोळी चोरून घेती. कालपासनं हात कापत्यात, घाम येतोय. तू येतीयास का माझ्याबी अंगात?"

नकुशीने डोळे उघडले. आक्कांच्या वरच्या ओठावर घाम होता. कुंकू ओघळलं होतं.

देवी होऊनही तिला सांगता आलं असतं, की खा काहीतरी, दौंडला जा. आक्कांनी मुकाट ऐकलं असतं आणि पाटही राहिला असता. पण पुढच्या नवरात्रात आणखी कुणीतरी गोळी घेऊन उपाशी बसलं असतं, आपल्यालाही आई येईल म्हणून.

तिने पंचामृताची वाटी उचलून आक्कांच्या हातात दिली. "प्या. सगळं प्या," म्हणाली, आणि मग आपल्या रोजच्या, रानात हाक मारायच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "देवी आलेली न्हाई. परवाबी न्हवती आली. माझी साखर खाली गेली हुती. उपाशी ऱ्हाऊन गोळी घेतली, म्हनून. ज्यांना साखरंची गोळी हाय त्यांनी डाक्टरला इचारल्याबिगर उपास धरू नका. मरचाल."

हलगी थांबली. मागे एक पोरगी फिसकन हसली. धुरपदाचा चेहरा असा झाला की नारळ परत मागावा की मागू नये. कुणी म्हणालं देवीची थट्टा केली, कुणी म्हणालं मला तवाच वाटलं हुतं. आक्कांनी वाटी रिकामी केली आणि कुणाकडे न बघता आपल्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या. त्या काय बोलल्या, हे बायकांनी नकुशीला खोदून खोदून विचारलं. तिने सांगितलं नाही.

ती पाटावरून उठली आणि पाट भिंतीला लावून ठेवला.

घरी खंडू वाट बघत होता. त्याला बातमी आधीच कळली होती. "नके," तो म्हणाला, "उद्या दसऱ्याचा माल तोडायचाय. येरवाळी उठ." आणि मग जरा थांबून, "च्या ठिवलाय तुझा. बिनसाकरंचा." नकुशीला हसू आलं. करिश्मा तर पदर तोंडाला लावून हसत सुटली.

सकाळी झेंडूचं रान पिवळंधमक पेटलं होतं. पाटी अर्धी भरली असताना बांधावर गाडी थांबली. मागची काच खाली झाली. सोजराआक्का एकट्याच होत्या, पुढे ड्रायव्हर.

"तुझा तो डाक्टर आज असतो का?"

"असतो. मलाबी बोलवलंय."

"मग चल. मला एकटीला तिथं काय बोलायचं कळायचं न्हाई."

नकुशीने पाटी खंडूकडे दिली, हात लुगड्याला पुसले आणि सवयीने ड्रायव्हरशेजारचं दार धरलं. आक्का म्हणाल्या, "तिकडं कुठं? हिकडं माझ्यापाशी बस. पायाला हात लावलाय मी तुझ्या, आता लांब कशी बसवू?"

"आक्का, ती देवी न्हवती."

"म्हाईत हाय. मी तुझ्याच पायाचं बोलती."

नकुशी बसली. गाडीत पायाखाली पांढरा गालिचा अंथरलेला होता आणि तिच्या पायांना रानाचा ओला चिखल. ती पाय अधांतरी धरून बसली. फाट्याच्या वळणापर्यंत तसेच धरले. मग आक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच खाली दाबला.