मोरपंखी कापडाचा तुकडा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी म्हटले म्हणून नाक मुरडू नका. माझे इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देते, आणि आज तर मला इतका आनंद झाला आहे की उभ्या उभ्या हॉर्न वाजवावासा वाटतो. कशाचा आनंद ते सांगते. पण त्यासाठी जरा मागे जावे लागेल, आणि मागे जाणे मला कधीच नीट जमले नाही. माझा रिव्हर्स गिअर पहिल्यापासून हट्टी आहे.

माझे मालक शिंपी. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात. त्यांच्या बायको जनावरांच्या डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई. त्यांना लांब लांबच्या गोठ्यांवर जावे लागे, म्हणून काकांनी मला विकत घेतले. तेव्हाच मी सेकंडहँड होते, आणि माझा पांढरा रंग जागोजागी पोपडे धरून उडाला होता.

लग्नाआधी काकांनी बाईंसाठी एक कोट शिवला होता, मोरपंखी रंगाचा. त्या कापडाचा हातभर तुकडा उरला होता. तो तुकडा खिशात घालून काका मला रंगाच्या दुकानात घेऊन गेले आणि म्हणाले, "अस्सा रंग हवा. थोडासुद्धा फरक चालायचा नाही." रंगवाल्याने तीन दिवस रंग कालवले. अकरा डबे काकांनी नाकारले. बाराव्या डब्यापुढे त्यांनी कापड धरले आणि नुसती मान हलवली. तो रंग माझ्या अंगावर चढला. डबा संपला, आणि कशात काय किती घातले ते कुणी लिहून ठेवले नाही.

मग काय विचारता! मी नवरीसारखी मिरवत होते. बाईंनी मला कुठे कुठे पळवले! माझ्या मागच्या सीटवर एकदा वासरू बसले होते, एकदा दोन मेंढ्या, आणि एका बोकडाने तर सीटचा कोपराच खाल्ला. पण आम्ही वळणावर दिसलो की मुले ओरडत, "मोरपंखी आली!" आणि आजारी गाईजवळ रात्रभर बसलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडे. माझा रंग म्हणजे मदत आल्याची खूण होती. आता सांगा, मला गर्व झाला तर काय चुकले?

काकांची माझ्यावर भारी माया. दर रविवारी ते दुकानातल्या कापडांच्या चिंध्या घेऊन मला पुसत. गोल गोल, जोर लावून, घाम येईपर्यंत. मात्र पाण्याचा थेंब लावत नसत. पाण्याने गंज चढेल, अशी त्यांना धास्ती. त्यामुळे रस्त्यावरची सगळी धूळ कोरड्या चिंधीखाली माझ्या अंगावर घासली जाई. एकदा तर चिंधीत टाचणी राहिली होती. बॉनेटवर लांबलचक ओरखडा उमटला. काका इतके ओशाळले की तो घालवायला पुढच्या रविवारपासून दुप्पट घासू लागले.

वर्षे गेली. माझ्यावर पांढुरकी साय धरली आणि मी राखेच्या रंगाची झाले. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या, त्यांनाही अंधूक दिसू लागले. एकदा अंगणात माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारले, "अहो, माझी नजर गेलीय की हिचा रंग गेलाय? एकदा काय ते खरं सांगा."

"दोन्ही थोडं थोडं," काका म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत आत गेले.

बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि काकांनी मनाशी खूणगाठ बांधली. पट्टी निघाल्यावर बाई बाहेर येतील तेव्हा त्यांना मी दिसायला हवी, पहिल्यासारखी. दोन गॅरेजवाल्यांनी एकच सल्ला दिला, "खरवडून टाका, नवा रंग मारू."

"हाच रंग मिळेल?"

"जवळपासचा मिळेल की."

ज्या माणसाने जन्मभर कापडाला दोरा जुळवला, त्याला 'जवळपासचा' म्हणजे शिवीच! काकांनी मला दोन्ही ठिकाणांहून काढले आणि जुन्या गाड्यांचा रंग उजळून देणाऱ्या पेंटरताईंच्या शेडमध्ये आणून उभे केले.

पेंटरताईंनी आधी काय केले असेल? मला आंघोळ घातली! साबणाची वेगळी बादली, साध्या पाण्याची वेगळी. मी इतकी सुखावले म्हणून सांगू! मग त्यांनी रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र माझ्यावर जागोजागी टेकवले. दारे ठीक होती. टप ठीक होता. बॉनेटवर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"काका, इथं अगदी कागदाएवढा रंग उरलाय. काय करत होता तुम्ही?"

"पुसत होतो. दर रविवारी."

"धुऊन ना?"

"छे छे! कोरडंच."

ताईंनी कपाळाला हात लावला. "वाऱ्यावर सोडली असती ना, तरी याहून जास्त रंग राहिला असता. ऐका, दारं मी चमकवते. बॉनेटवर मात्र एकदाच हात फिरवता येईल. खालचं राखाडी अस्तर दिसलं, की खेळ खलास. मग सगळंच खरवडावं लागेल."

अस्तर म्हणजे काय, हे शिंप्याला समजावून सांगायची गरज नव्हती. मी मात्र चाकांपर्यंत थरथरले.

दोन दिवस ताईंचे पॉलिश करायचे यंत्र माझ्या दारांवर हळूहळू फिरत होते. कडांना रंग पातळ असतो, म्हणून तिथे त्यांनी आधी कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. साय निघत गेली आणि शेडमधली ट्यूबलाइट माझ्या दारात सरळ रेषेत उमटली. काका मागे हात बांधून उभे होते, पण त्यांचे पाय जागेवर ठरत नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बाईंची पट्टी निघणार होती, आणि बॉनेट तेवढे बाकी होते. दुपारी ताई जेवायला गेल्या. शेडमध्ये काका आणि मी दोघेच उरलो. जित्याची खोड! काकांनी खिशातून पांढरी चिंधी काढली आणि बॉनेटवर गोल फिरवली. एकदाच. मग चिंधी उलटून पाहिली तर ती मोरपंखी झाली होती!

"गेला! रंग गेला!" काका मटकन स्टुलावर बसले. ताई धावत आल्या. काकांनी चिंधी तेवढी पुढे केली.

ताईंनी चिंधी पाहिली, वाकून बॉनेट पाहिले आणि हसल्या. "काका, जुना रंग असाच फडक्यावर उतरतो. हा वरचा मेलेला थर आहे. खाली जिवंत रंग असेल तर आत्ता कळेल. पण ती चिंधी माझ्याकडे द्या आधी!"

त्यांनी यंत्र बाजूला ठेवले. मऊ फडक्याला बोटभर पॉलिश लावून हातानेच सुरुवात केली, सरळ रेषेत, अलगद, कपाळावरून हात फिरवावा तशी. दर चार हातांनी थांबायच्या, वाकून बघायच्या. काका एकसारखे विचारत होते, "अस्तर दिसतंय का? दिसतंय का?" मित्रांनो, मला श्वास असता तर मी तो रोखून धरला असता. साय विरळ झाली, फाटली, आणि तिच्याखालून रंग वर आला. बाराव्या डब्यातला! माझा! राखाडी ठिपका कुठे औषधालाही नव्हता.

फक्त टाचणीच्या ओरखड्यापाशी ताई थांबल्या. "हा काढायला गेले तर नक्की अस्तर दिसेल."

"राहू दे," काका म्हणाले. "माझीच चूक आहे ती. दिसू दे तिला."

पाचला दहा कमी असताना आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यासमोर हजर! बाई काळा चष्मा लावून पायऱ्या उतरल्या आणि रस्त्यावर इकडेतिकडे शोधू लागल्या.

"अहो, आपली गाडी कुठाय?"

"समोरच तर आहे."

बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिले. बराच वेळ पाहिले. "माझा कोट!" त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन वाकल्या. "आणि हा तुमच्या टाचणीचा ओरखडा. म्हणजे मला नीट दिसतंय!"

दोघेही हसले. काकांनी खिशातून तो मोरपंखी तुकडा काढला, इतकी वर्षे ट्रंकेत जपलेला. माझ्या बॉनेटवर अंथरायला हात पुढे केला आणि वीतभर वरच थांबवला.

"नको," ते म्हणाले. "रस्त्याची धूळ बसलीय. आधी घरी जाऊन हिला धुऊया."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हवेत धरलेल्या त्या तुकड्यात आणि माझ्यात तसूभरही फरक नव्हता.

मित्रांनो, मला कुणी टाकून दिले नव्हते. मी मायेनेच झिजले. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. तुमची सायकल असो, आजोबांचा चष्मा असो, पुसण्याआधी त्यावरची धूळ धुवा. ज्याच्यावर जीव आहे, त्याला काय सोसते ते आधी विचारा. आणि रस्त्यात मोरपंखी गाडी दिसली तर हात लावू नका, लांबूनच हात हलवा. मी हॉर्न वाजवून ओ देईन.