मावसभाऊ

"काका, तुम्ही नक्की कुठल्या मावशीचे?"

बाइंडरच्या पुतण्यानं हे विचारलं तेव्हा प्रेसमधल्या जुळाऱ्याची बोटं कीबोर्डवर होती. पडद्यावर शोकपत्र अर्धं जुळून झालं होतं. वर त्याच प्रेसमध्ये पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचं नाव, त्याखाली तारीख, मग 'शोकाकुल' आणि नातलगांची रांग. भाऊ, वहिनी, पुतणे, भाचे. भाचीचा नवरासुद्धा, ज्यानं बाइंडरला उभ्या जन्मात एकदा पाहिलं असेल नसेल. पुतण्यानं आणलेल्या कागदावरची नावं संपल्यावर जुळाऱ्यानं आपणहून एक ओळ घातली होती. स्वतःचं नाव आणि पुढे 'मावसभाऊ'.

"राग मानू नका," पुतण्या म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. "इस्पितळाच्या कागदावर पण तुम्ही तसंच लिहिलंत ना? ते बघून बाबा म्हणाले, आजीला तर बहीणच नव्हती. एकुलती एक होती ती."

तेवीस वर्षांपूर्वी भाड्याची खोली बघायला दोघं गेले होते. घरमालकिणीनं दोघांकडे आळीपाळीनं बघत विचारलं होतं, तुम्ही एकमेकांचे कोण? जुळाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाइंडर मात्र फाडकन म्हणाला, मावसभाऊ. जिना उतरताना जुळारी त्याच्या कानाशी लागला, "अरे, तुझ्या आईला बहीण कुठाय?"

"नसेना. कोण मोजायला येतंय?"

तेवीस वर्षं कोणी मोजायला आलं नाही. गल्लीत, प्रेसमध्ये, दवाखान्यात हाच शब्द चालला. बाइंडरच्या घरच्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्यापर्यंत तो पोचायचा प्रश्नच नव्हता. खोटं नातं, पण अंगाला असं बसलं की घडी मोडायची वेळ आली नाही. मोडली ती परवा, माणूस गेल्यावर. प्रेसच्या मालकानं मोठ्या मनानं शोकपत्रं छापून द्यायचं कबूल केलं होतं आणि त्याच मोठ्या मनानं जुळाऱ्याला नियम सांगितला होता : बायको गेली तर दहा दिवस रजा, मावसभावाला एक. तो एक दिवस काल संपला. म्हणून आज जुळारी यंत्रापुढे बसून आपल्याच माणसाचं शोकपत्र जुळवत होता.

खिडकीपाशी स्टुलावर प्राध्यापक बाई बसल्या होत्या. त्यांचा कोश इथेच छापायला होता. बाई-पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्या माणसांबद्दल, त्यांच्या प्रेमाबद्दल, त्यांच्यावर होणाऱ्या बळजबरीबद्दल जगात जे जे लिहिलं जातं, त्यातले दोनशेबारा शब्द आणि त्यांचे सोपे अर्थ. शेवटचं प्रूफ न्यायला त्या आल्या होत्या.

ते सगळे शब्द जुळाऱ्याच्या हाताखालून गेले होते. पान एकसष्टवर होतं 'निवडलेलं कुटुंब' : रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसताना माणसं आपणहून एकमेकांची होतात ते. त्याच्या वरच होतं 'जोडीदार'. महिन्यापूर्वी ते पान त्यानं घरी नेलं होतं. बाइंडरनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पोट धरून हसला. "आपल्याला नाव आहे की रे! इतकी वर्षं त्या नसलेल्या मावशीला उगाच राबवलं." मग म्हणाला, "हे पुस्तक मी बांधणार. कापडी बांधणीत. पैसे नाही दिले तरी."

"मग मी काय सांगू बाबांना?" पुतण्यानं विचारलं.

शब्द तयार होता. शुद्धलेखन तपासलेला, ठळक टायपात, अर्थासकट. पण शब्द छापून भागत नाही, तो बोलायला तोंड लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या घरात त्याला जागा लागते. तो उच्चारला तर ही सगळी शोकाकुल रांग मेलेल्या माणसाच्या नावानं नाक मुरडणार, हे जुळाऱ्याला दिसत होतं. आणि त्यांना चार शिव्या हासडायला बाइंडर आता नव्हता. शिव्या द्यायचं खातं त्याचं होतं.

जुळाऱ्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंना कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसायला घेतला आणि नुसत्या पुसतच राहिल्या. दोनशेबारा शब्द जमवलेली बाई, पण तिच्याकडेही त्या घडीला एक निघेना.

"मी त्याचा..." जुळारी म्हणाला. "मावसभाऊ नाही मी त्याचा. तुझ्या बाबांचं बरोबर आहे."

पुतण्याला हायसं वाटलं. "मग मित्रपरिवारात येताच की तुम्ही. खाली 'समस्त मित्रपरिवार' आहेच. वेगळं नाव कशाला, लोक नसते प्रश्न विचारतात."

जुळाऱ्यानं ओळ खोडली. तिच्या जागी पांढरी पट्टी उरली.

पुतण्या पडद्याकडे वाकला. "मध्ये ही जागा रिकामी दिसतेय. खालची ओळ वर घेता?"

एक कळ दाबली. मित्रपरिवार वर सरकला. आता कोणी पाहिलं असतं तर तिथून काही काढलंय असं सांगता आलं नसतं.

"माझं प्रूफ उद्या दिलंत तरी चालेल," बाई जाताना हळूच म्हणाल्या.

दुपारी दोनशे पत्रं छापून आली. त्यांना घड्या घालायच्या होत्या आणि ते काम बाइंडरचं. मालकानं इकडे तिकडे पाहिलं आणि जुळाऱ्याला म्हणाला, आजच्या दिवस तूच घाल.

बांधणीच्या टेबलावर घडी दाबायची हाडाची पट्टी बाइंडरनं ठेवली तशीच आडवी पडली होती. इतक्या वर्षांच्या वापरानं तिच्या एका अंगाला अंगठ्याएवढा खळगा पडला होता. जुळाऱ्यानं ती उचलली. त्याचा अंगठा बारीक, त्या खळग्यात सैल बसला. त्यानं पहिलं पत्र घेतलं, कडेला कड लावली आणि बाइंडर दाबायचा तशी वरून खाली एकदाच पट्टी फिरवली.

मग दुसरं घेतलं.