नव्या पाण्याची पहिली धार

शुक्रवारी सकाळी नळाची पूजा होती, आणि आदल्या संध्याकाळपासूनच आनंदीबाईंना ती टळावी असं वाटत होतं.

तशी गोष्ट आनंदाचीच. विणकर आळीतल्या बायका वर्षानुवर्षं नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, मग रांगा, भांडणं, फुटलेले घडे. सत्तरच्या दंगलीनंतर आळीतल्या हिंदू-मुसलमान बायकांचं एकमेकींकडे जाणं-येणं तुटलं होतं, ते पुन्हा जुळलं तेही त्याच रांगेत. अशा आळीत सरकारी नळ येणार, ठाण्याच्या जिल्हा कचेरीतले साहेब काम बघून ते पुरं झाल्याचा दाखला देणार, आणि पूजेचा मान आनंदीबाईंना! नगरपालिकेचे केसरीनाथ मेंबर स्वतः घरी आले होते सांगायला.

"आनंदीबाय, तुमच्याशिवाय कुणाचं नाव घेऊ? रोज पहाटे गावदेवीच्या पायरीवर पाणी घातल्याशिवाय घोट घेत नाही तुम्ही. तुमच्या हाताने झालं की साहेबांचंही समाधान."

आनंदीबाईंनी पदर सावरून हळूच विचारलं होतं, "मंग घरागणिक कळशीचंही करायचं ना? सासूबाई सांगायच्या तसं?"

"करा की! सगळं रीतीप्रमाणे करा," मेंबर म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. त्यांना गडबड होती. रीत काय, हे त्यांनी विचारलं नाही.

रीत जुनी होती. नवं पाणी लागलं की पहिली धार घरात न्यायची नाही. प्रत्येक घरातून एक कळशी भरायची आणि देवीच्या पायरीवर ओतायची. मुसलमानांच्या घरची कळशी समोरच्या पीराच्या उंबऱ्यावर. शेवटच्या घराची कळशी भरेपर्यंत धार तोडायची नाही. धार मधेच तुटली तर ते पाणी आळीला लाभत नाही, म्हणायच्या सासूबाई.

आणि गुरुवारी संध्याकाळी बाळाराम कामावरून आला तो जेवलाच नाही. बाळाराम त्यांचा एकुलता एक. पाणीखात्यात रोजंदारीवर होता, आणि पावसाळ्याआधी पर्मनंट करतो असं मेंबरांनी शब्द देऊन ठेवला होता. त्याचे वडील सावळाराम कापडाच्या लूमवर कापसाची धूळ गिळून गिळून छातीने खंगले होते, आता घरीच असायचे. चूल पेटायची ती बाळारामच्या रोजावर.

"आये, उद्या एकच कळशी भर आणि हात काढ," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"का रे?"

"त्या नळाला मेन लाइन जोडलेलीच न्हाय. इद्रीसशेठच्या कारखान्यावरची टाकी हाय ना, तिच्यातनं पाइप काढून भिंतीआडून नळाला दिलाय. मीच जोडला. ते सांगतील ते करायचं, दुसरं काय?"

"आणि हिवाळ्यात चर खणला होता तो?"

"खणला आणि बुजवला. पाइप आले होते, ते ट्रकमधनं परत गेले. कुठं गेले ते मेंबरला आणि ठेकेदाराला ठावं."

आनंदीबाईंना आधी नीट कळेना. मग कळलं तसं वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं. "पण साहेब दाखला देऊन गेले म्हंजे..."

"म्हंजे कागदावर आपल्या आळीला पाणी आलं. पुन्हा नळ मागायला गेलो तर म्हणतील, तुम्हाला दिलाय की." त्याने मान खाली घातली. "कुणाला बोलू नकोस, आये. दिवस कसले हायत बघतेस ना. मागच्या आळीतला चांगदेव मास्तर नुसता सभेत बोलला, तर अजून घरी आला न्हाय."

आणीबाणीचं साल होतं ते. लोक रेडिओसुद्धा हळू लावत.

इद्रीसशेठचंही तसंच. त्यांच्या लूमचं लायसन कचेरीत अडकलं होतं. मेंबरांनी टाकी द्या म्हटल्यावर त्यांनी दिली. कुणाकुणाला दोष द्यायचा? आनंदीबाईंनी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडून काय मागावं तेच सुचेना. नळ मागावा तर पोराची नोकरी जाते, नोकरी मागावी तर आळी कायमची तहानलेली राहते. शेवटी काहीच न मागता त्या उठल्या.

सकाळी नळाला झेंडूचा हार होता. मांडवाच्या खांबांना सरकारी कार्यक्रमांचे कागद चिकटवले होते. ठाण्याचे साहेब जीपमधून उतरले; मध्यमवयीन, घामेजलेले, घाईत असलेले. मेंबर बोलत राहिले, बायका कळश्या घेऊन उभ्या राहिल्या, आणि बाळाराम पाणीखात्याच्या माणसांत भिंतीला पाठ लावून उभा होता. 

"मेंबर, आवरा आता," मागून बायजाबाई ओरडल्या. आळीतली सगळ्यात थोरली आणि तोंडाने सगळ्यात फटकळ बाई. "मतं मागायला आला होतास तवा नळ देतो म्हणालास. आमची केसं पांढरी झाली नि तुझी कलप लावून काळी झाली!"

हशा पिकला. साहेबही हसले. मेंबरांनी हसत हसत आनंदीबाईंना पुढे बोलावलं.

त्यांनी नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चावी फिरवली. पाणी धो धो आलं. टाळ्या पडल्या. कळशी भरली, आणि मेंबर नळ बंद करायला वाकले.

आनंदीबाईंचा हात नळावरून निघाला नाही.

एकच कळशी, पोराने सांगितलं होतं. हात काढायचा, बस. कुणी काही म्हणणार नव्हतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बाळाराम नुसती मान हलवत होता, नको, नको. आणि मागे बायजाबाई, आळीतली खदीजा, पोरीबाळी, सगळ्यांच्या कडेवर रिकाम्या कळश्या.

"धार तोडू नका," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की साहेबांना पुढे वाकावं लागलं. "नवं पाणी हाय. घरागणिक एक कळशी देवीला गेली की मंग बंद करू. मेंबर रीतीप्रमाणे करा म्हणाले होते."

"अहो, ते नंतर करा, साहेबांना पुढे जायचंय."

"असू दे हो," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "बाईंचा नेम आहे. मी तोवर चहा घेतो. दाखला काय, दोन मिनिटांचं काम."

मेंबरांना नाही म्हणता येईना. आनंदीबाईंनी आपली कळशी पायरीवर ओतली आणि परत नळापाशी येऊन उभ्या राहिल्या. बायकांची रांग लागली. बायजाबाई देवीकडे गेल्या. खदीजा मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं काम टाकून आली होती; ती विचारात पडली.

"आनंदीबाय, हमारा भी?"

"घर हाय ना आळीत? मंग तुझं पीराला."

खदीजाने कळशी नळाखाली धरली. एकीमागून एक बायका येत होत्या. पाणी अजून जोरात होतं. आनंदीबाईंच्या मनात वेडं काहीतरी आलं: टाकी मोठी असेल, पुरेल, सगळ्यांच्या कळश्या भरतील आणि माझ्या पोराचं काही बिघडणार नाही. दुसऱ्याच क्षणी वाटलं, पुरलं तर काय करू?  त्यांना आता तहान जाणवली. देवीला पाणी घालून झालं होतं, पण स्वतः घोट घ्यायचा राहूनच गेला होता.

मग धार बारीक झाली.

नळ घुरघुरला. थोडं पाणी, मग हवा, मग पुन्हा थोडं पाणी. पुढची बाई कळशी तिरपी करून धार पकडायला लागली. नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला.

"प्रेशर कमी झालं," मेंबर झटकन म्हणाले. "वरचा पंप बंद पडला असेल. साहेब, चला आपण, उन्हाचं..."

साहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांनी नळाला हात लावला, मग नळामागच्या भिंतीकडे पाहिलं. चेहऱ्यावरची घाई गेली होती. "मेन कुठून आणलीय इथे?"

 कारखान्याच्या दारात इद्रीसशेठ उभे होते, ते आत गेले.

"बाई," साहेब आनंदीबाईंकडे वळले, "तुम्ही इथल्या. काल होतं या नळाला पाणी?"

मेंबर त्यांच्याकडेच बघत होते, हसऱ्या तोंडाने.  खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायचं तर पोराचं नाव घ्यावं लागणार होतं. "साहेब..."

"तिला नका विचारू." बाळाराम पुढे आला होता. "जोडणी मी केलीय. मेन न्हाय इथं. त्या चरात पाइपच न्हाय."

"हा रोजंदारीवरचा पोरगा आहे, साहेब," मेंबर म्हणाले. "याचं काय ऐकता?"

"नका ऐकू," साहेब म्हणाले. "कुदळ आणा."

बाळारामनेच खणलं. आनंदीबाईंना ते बघवेना आणि नजरही काढवेना. कोरडी माती निघत गेली, दगड निघाले, खाली मुरूम लागला. पाइप कुठेच नव्हता. साहेबांनी दाखल्याचा कागद कोरा तसाच घडी घालून बॅगेत ठेवला आणि जीपमध्ये बसले. बायजाबाई मोठ्याने काहीतरी म्हणाल्या, बायका हसल्या. आनंदीबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही, कारण मेंबर जाता जाता त्यांच्यापाशी थांबले होते.

"चांगलं केलंत हं, आनंदीबाय," ते अगदी मायेने म्हणाले.

त्या दिवसापासून आळीत जीपचा आवाज आला की त्या हातातलं काम टाकून दाराशी यायच्या. बाळारामला दुसऱ्याच दिवशी कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. पोलीस आले नाहीत. पण येतील, असं वाटत राहिलं. बाळाराम त्यांच्यावर रागावला नाही. रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"तू हात काढला असतास तरी मला झोप लागली नसती," एवढंच तो एकदा म्हणाला.

इद्रीसशेठनी त्याला रात्रपाळीला लूमवर घेतलं. "बेटा, टाकी तो मेरीच थी," ते म्हणाले आणि त्याला माग दाखवायला आत घेऊन गेले.

चर पावसाळाभर उघडाच राहिला. त्यात पाणी साचलं, डास झाले, बायजाबाईंच्या शिव्या झाल्या. ठाण्याहून आणखी कुणी येऊन मापं घेऊन गेले, ठेकेदार बदलला, आणि नवरात्र उलटल्यावर चरात खरोखरचे पाइप पडले. मेंबर त्या दिवशी आळीत फिरकले नाहीत.

आता पहाटे तासभर पाणी येतं. रीतीप्रमाणे घरागणिक कळशी पहिल्याच पहाटे देवीला आणि पीराला गेली. आनंदीबाईंचं रोजचं पाणी घालणंही चालू आहे, फक्त विहिरीवर जावं लागत नाही.

नळ त्यांच्या दारापासून चार पावलांवर आहे. पाणी येतं त्याच सुमाराला बाळाराम रात्रपाळी करून येतो आणि केसांतली कापसाची धूळसुद्धा न झटकता दाराशीच आडवा होतो. थोडा खोकतो, वडिलांसारखा. आनंदीबाई पाय न वाजवता त्याला ओलांडून जातात, नळ अगदी थोडा उघडतात आणि कळशी तिरपी धरतात, म्हणजे धार आतल्या बाजूने उतरते आणि तळाशी आवाज होत नाही.