मोकळी छाती

डोंगरातल्या छोट्या दवाखान्यात देमेत्रियाचं सकाळीच नर्सबाईशी वाजलं. नात दिवस भरायच्या कितीतरी आधीच जन्मली होती, ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूलाही भगदाड, आणि ही निल्दा नर्स तिला बांधू देईना. त्या डोंगरात पोर जन्मलं की लामा नावाच्या जनावराच्या लोकरीच्या पट्ट्यानं मानेपासून पायापर्यंत आवळून टाकायचं, म्हणजे हाडं सरळ राहतात; मोकळं ठेवायचं ते फक्त मेलेलं पोर. देमेत्रियाची सगळी पोरं अशीच वाढली होती. ग्रहणात बाहेर हिंडलीस म्हणून चंद्रानं पोरीचा ओठ खाल्ला, असं तिनं सुनेला आधीच ऐकवलं होतं. सून बासिलिया पडद्यापल्याड खाटेवर पडून होती. रक्त इतकं गेलं होतं, की उठायचं त्राण नव्हतं.

नातीच्या नाकात बारीक नळ्या होत्या. त्यांतून यंत्र हवा दाबायचं नि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडायचं. हवा फाटक्या टाळूतून तोंडावाटे निसटायची, म्हणून ओठांवर पट्टी चिकटवली होती. बुडबुडे थांबले तर हाक मार, असं बजावून निल्दा पोरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला शहरातून निघालेल्या गाडीची रेडिओवर चौकशी करायला गेली. गारांच्या माऱ्यानं घाट खचला होता, गाडी पलीकडेच अडकली होती.

पोरीवर लावलेल्या दिव्याची ऊब होती, तरी पोरीचे पाय गार लागले. देमेत्रियाला राहवलं नाही. तिनं पट्टा काढला, पोरीला झकास आवळलं आणि बाटलीकडे पाहत बसली. बुडबुडे चालू होते, म्हणून ती निर्धास्त होती. पोरीचं कपाळ निळं पडलं तेव्हा कुठं तिनं हाक मारली.

निल्दा धावत आली. "आजी, पट्टा सोड आधी."

"बुडबुडं तर येत्यात की, बाई."

"ते यंत्राचं. श्वास पोरीलाच घ्यायचाय. छाती हलाया जागा कुठं ठिवलीस?"

देमेत्रिया पट्ट्याशी झटू लागली. तिनं स्वतःच खोचलेलं टोक तिलाच सापडेना, शेवटी दातानं ओढून काढलं. पोर निपचित होती. निल्दानं तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. आपल्या हातानं गेली ही, असं देमेत्रियाला वाटलं. मग मुठीएवढी छाती आत ओढली गेली, वर आली, पुन्हा आत गेली.

ओठावरची पट्टी सुटली होती, दुसरी टिकेना. निल्दानं देमेत्रियाचं बोट तिथं दाबून ठेवलं आणि गाडी येईपर्यंत हलवू नकोस म्हणाली. गाडी कधी येईल, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पडद्यापलीकडून बासिलियाचा बारीक आवाज आला. "पट्टा का सोडला, आत्या? जित्या पोराला कुणी मोकळं ठिवतं व्हय? गेली का माझी?"

"न्हाय गं. जगावी म्हणून मोकळी ठिवलीया."

बासिलिया रडायला लागली. देमेत्रियाला उठून तिच्याकडे जायचं होतं, पण तिला बोट काढता येत नव्हतं.